धार पाहायची तर

धारला पाहण्यासारखे आहे तरी काय, असा प्रश्न आपल्याच घरांतून विचारला जातो. पुण्या-नाशिकचे पाहुणे आले की आपण त्यांना मांडवगडला नेतो, महेश्वरला नेतो, ओंकारेश्वर आणि उज्जैन करवतो. धार येते ती वाटेत, बसच्या खिडकीतून. स्टँडवर चहा होतो आणि गाडी पुढे निघते. ज्या गावाच्या दप्तरात आपल्या पणजोबांच्या नेमणुकीचा कागद असेल, त्या गावाशी आपला संबंध चहापुरता उरावा, ही गोष्ट मला बरी वाटत नाही. म्हणून यंदाच्या मालेसाठी हाच विषय घेतला आहे.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. होमिओपॅथीचा डॉक्टर आहे आणि निसरपुरात आयुष्य काढले आहे. आमच्या शास्त्रात रोग्याला गोळी देण्याआधी त्याची ‘केस’ घ्यावी लागते. दुखणे कुठे आहे एवढे विचारून भागत नाही. कधीपासून आहे, त्याआधी काय झाले होते, आईवडिलांना काय होते, झोप कशी आहे, कशाने बरे वाटते, हे सगळे क्रमाने विचारायचे आणि रोगी सांगेल ते मध्ये न बोलता लिहून घ्यायचे. औषध आधी मनात ठरवून प्रश्न विचारले की केस बिघडते. जुनी राजधानी पाहतानाही हीच रीत उपयोगी पडते असा माझा अनुभव आहे. आपण बहुधा उत्तर ठरवून जातो. कोणाला फक्त भोज हवा असतो, कोणाला फक्त पवार, कोणाला फक्त फोटो. धार मात्र एकामागून एक तीन वेळा राजधानी झालेले गाव आहे आणि त्या तिन्ही काळांचे थर एकमेकांत मिसळलेले आहेत.

ते तीन काळ आधी ध्यानात घेऊ. पहिला परमारांचा. दहाव्या-अकराव्या शतकात मुंज आणि भोज यांच्या वेळी धारानगरीचे नाव देशभर झाले. भोजाचा काळ साधारण १०१० ते १०५५ धरतात. दुसरा काळ माळव्याच्या सुलतानांचा. १३०५ मध्ये दिल्लीच्या फौजांनी माळवा घेतला, पुढे १४०१ मध्ये दिलावरखान घोरी स्वतंत्र झाला तो धारेतच. त्याचा मुलगा होशंगशाह राजधानी मांडूला घेऊन गेला. तिसरा काळ पवारांचा, म्हणजे अठराव्या शतकापासून १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन होईपर्यंतचा. आपली घरे बहुतेक या तिसऱ्या काळात आली, म्हणून आपल्याला वाटते की मराठीचे आणि धारचे नाते तिथून सुरू होते. ते तसे नाही. त्याकडे पुढे येतोच.

आधी पाणी पाहावे

धारमध्ये शिरल्यावर आधी किल्ल्याकडे धावू नका. आधी तळी पाहा. गावाला ‘साडेबारा तलावांचे गाव’ म्हणत आले आहेत. मुंज तलाव मुंजराजाच्या नावाने ओळखला जातो. देवी सागराच्या काठी गढकालिकेचे स्थान आहे. तिला कुलदेवतेसारखी मानणारी मराठी घरे आजही आहेत. या तळ्यांच्या जोडीला जुन्या नगरीभोवती मातीचा गोलाकार तट आणि खंदक होता. त्याचे उंचवटे काही भागांत अजून ओळखू येतात.

हे आधी का पाहायचे? धारला मोठी नदी नाही. उज्जैनला क्षिप्रा आहे, महेश्वरला नर्मदा आहे. नदीशिवाय राजधानी वसवायची तर पावसाचे पाणी अडवून, एका तळ्यातून दुसऱ्यात उतरवून वर्षभर पुरवावे लागते. म्हणजे या नगरीचे पहिले बांधकाम देऊळही नव्हते आणि महालही नव्हता, ते पाणी होते. भोजाच्या नावाने ‘समरांगण सूत्रधार’ हा वास्तुशास्त्राचा मोठा ग्रंथ आहे, त्यात नगर कसे आखावे याची चर्चा आहे. ग्रंथ न वाचताही तळ्याच्या काठावर दहा मिनिटे उभे राहिले की त्यातले थोडे कळते. नातवंडे बरोबर असतील तर त्यांना विचारा, इथे नदी नाही, मग एवढ्या माणसांना आणि हत्तीघोड्यांना पाणी कोठून मिळत असेल? हा प्रश्न त्यांच्या लक्षात राहतो, सनावळी राहत नाही.

लोखंडाचा स्तंभ

तिथून लाट मशिदीकडे जावे. दिलावरखानाने ही मशीद १४०५ मध्ये बांधली. आधीच्या देवळांचे खांब तिच्यात वापरलेले स्पष्ट दिसतात. नाव पडले ते तिथल्या लोहस्तंभावरून, ‘लाट’ म्हणजे स्तंभ. आज तो तीन तुकड्यांत एका चौथऱ्यावर आडवा ठेवलेला आहे. तुकड्यांची लांबी मिळून तेरा मीटरहून अधिक आणि वजन सुमारे सात टन भरते. दिल्लीचा प्रसिद्ध लोहस्तंभ सात मीटरच्या थोडा वर आणि सुमारे सहा टनांचा आहे, म्हणजे धारचा उभा होता तेव्हा लांबीने जवळजवळ दुप्पट होता. दिल्लीचा स्तंभ शाळेच्या पुस्तकात असतो, आपल्या जिल्ह्यातला नसतो.

त्या काळी एवढा मोठा लोखंडाचा गोळा एका वेळी वितळवून ओतण्याची सोय नव्हती. भट्टीतून निघालेले छोटे छोटे गोळे तापवून, एकमेकांवर ठेवून, हातोड्याने ठोकून जोडत जायचे, अशा रीतीने हा स्तंभ घडला. जवळ जाऊन पाहिले तर पृष्ठभाग गुळगुळीत नाही, हे ध्यानात येईल. स्तंभावर नंतरच्या लोकांनी अक्षरे कोरली, त्यांत अकबराच्या दक्षिणेच्या स्वारीच्या वेळची फारशी नोंदही आहे. एकाने घडवले, दुसऱ्याने हलवले, तिसऱ्याने त्यावर आपले नाव लिहिले. धारच्या प्रत्येक दगडाची केस थोड्याफार फरकाने अशीच आहे.

भोजशाळेतली अक्षरे

आता त्या वास्तूकडे येऊ, जिच्याविषयी बोलताना आपल्याकडे आवाज चढतो. कोणी तिला भोजशाळा म्हणतात, कोणी कमाल मौला मशीद. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातली ही वास्तू आहे आणि तिचा वाद न्यायालयात गेलेला आहे. २००३ साली मंगळवारी पूजेची आणि शुक्रवारी नमाजाची व्यवस्था ठरवली गेली होती. जाण्याआधी त्या दिवशी प्रवेश कसा आहे याची चौकशी करावी. वादाचा निकाल देणे माझे काम नाही आणि या लेखाचेही नाही. मी तुम्हाला तिथली अक्षरे पाहायला सांगणार आहे, कारण त्यांचा आपल्या भाषेशी संबंध आहे आणि वादाच्या गदारोळात त्यांच्याकडे कोणी पाहत नाही.

१९०३ मध्ये धार संस्थानच्या शिक्षण खात्याचे प्रमुख काशिनाथ कृष्ण लेले यांना इथे कोरलेल्या शिळा मिळाल्या. आपल्यासारख्याच एका मराठी घरातला माणूस, शाळांची तपासणी करता करता जुने लेख शोधणारा. त्या शिळांपैकी एकीवर एक आख्खे संस्कृत नाटक कोरायला घेतलेले होते. नाव ‘पारिजातमंजरी’, कवी मदन, काळ तेराव्या शतकाचा आरंभ, राजा अर्जुनवर्मा. चार अंकांपैकी दोन अंक असलेली शिळा सापडली, उरलेले दोन हरवले. वसंतोत्सवात शारदेच्या मंदिरात त्याचा प्रयोग व्हायचा होता, असे नाटकातच म्हटले आहे, आणि नगरीत चौऱ्याऐंशी चौक असल्याचा उल्लेख आहे. नाटकाची संहिता दगडावर कोरून ठेवणारे गाव कसे असेल, याचा विचार करावा. आपल्याकडे मंडळाच्या नाटकाची वही दहा वर्षांत सापडेनाशी होते.

तिथल्या खांबांवर सर्पाकृतीत कोरलेली व्याकरणाची कोष्टके आहेत. एका सापाच्या वेटोळ्यांत वर्णमाला बसवली आहे, दुसरीकडे क्रियापदांचे प्रत्यय. असाच सर्पबंध उज्जैनला आहे आणि आपल्या निमाडात ऊन येथल्या चौबारा डेऱ्यातही आहे. पाठ करायला सोपे जावे म्हणून केलेला हा तक्ता. आपण पोरांना बाराखडीचा तक्ता भिंतीवर लावून देतो, तसाच.

आता मराठीचा मुद्दा. त्याच वास्तूत कूर्माची, म्हणजे पृथ्वी पाठीवर तोलणाऱ्या कासवाची स्तुती करणारी दोन काव्ये कोरलेली सापडली. दोन्हींत प्रत्येकी १०९ पद्ये आहेत आणि कर्ता म्हणून भोजाचे नाव दिले आहे. त्यांची भाषा संस्कृत नाही, महाराष्ट्री प्राकृत आहे. जिच्यापासून पुढे आपली मराठी आली असे मानतात, तीच. उदाजी पवारांचे घोडे माळव्यात येण्याच्या सुमारे सातशे वर्षे आधी धारच्या दगडावर आपल्या भाषेची पणजी बसलेली होती.

त्याहूनही मागे जाता येते. धनपाल नावाचा कवी धारेत राहत होता. जन्माने ब्राह्मण, पुढे जैन झाला. मुंज आणि भोज या दोघांच्या सभेत त्याला मान होता. त्याने ‘पाइअलच्छी’ नावाचा प्राकृत शब्दकोश रचला. तो धारेत रचला असे तो स्वतः सांगतो, आणि वर्ष येते इसवी सन ९७२ च्या सुमाराचे. त्या वेळी माळव्याच्या फौजांनी दक्षिणेतले मान्यखेट लुटले होते, याचीही तो नोंद करतो. कोश कोणासाठी रचला? धाकट्या बहिणीसाठी. तिचे नाव सुंदरी. हजार वर्षांपूर्वी धारेत एका भावाने बहिणीला शब्द कळावेत म्हणून कोश लिहिला, ही गोष्ट मला राजांच्या सगळ्या विजयांपेक्षा मोठी वाटते. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीला आणि प्राकृतालाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या दिवशी आपल्या मंडळींनी पेढे वाटले ते योग्यच झाले, पण त्या दर्जाचा एक पुरावा आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी आहे हे किती जणांना ठाऊक होते?

लंडनची मूर्ती

धारमध्ये जी पाहायला मिळत नाही अशा एका मूर्तीविषयीही सांगायला हवे. १८७५ मध्ये जुन्या राजवाड्याच्या पडझडीत ती सापडली आणि १९०९ पासून लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. लोक तिला भोजाची वाग्देवी, सरस्वती म्हणतात. तिच्या पायाशी लेख आहे, त्यात संवत १०९१ म्हणजे इसवी सन १०३४ हे वर्ष आहे. हरिवल्लभ भायाणी यांच्यासारख्या अभ्यासकांनी तो लेख वाचला. त्याचा आशय असा की, वररुची नावाच्या माणसाने आधी वाग्देवीची आणि जिनांची मूर्ती करवली आणि नंतर ही अंबेची मूर्ती करवली. म्हणजे समोरची मूर्ती अंबिकेची, जैन परंपरेतली, आणि वाग्देवीची दुसरी होती. पायाशी सिंह आहे, तोही अंबिकेचाच.

मी जैन आहे, तेव्हा ही मूर्ती आमची म्हणून मला आनंद व्हावा असे कोणी म्हणेल. पण लेख नीट वाचा. एकच माणूस, एकाच भोजाच्या राज्यात, वाग्देवीही करवतो, जिनही करवतो आणि अंबाही. त्याला ‘आमची की तुमची’ हा प्रश्न पडलेला दिसत नाही. केस घेताना रोग्याने सांगितलेलेच लिहावे, आपल्याला हवे ते लिहू नये, हा नियम इथे पाळला की बरेचसे भांडण मिटते. मूर्ती परत यावी असे मलाही वाटते. ती आली तर तिच्यासमोर तिचा लेख मराठीत आणि हिंदीत लिहून ठेवावा, एवढीच माझी अपेक्षा आहे.

किल्ला आणि पवार

आता किल्ल्यावर चढायला हरकत नाही. चढ फार नाही, पण साठी ओलांडलेल्यांनी ऊन चढण्याआधी जावे, पायात घट्ट बूट घालावेत आणि पाण्याची बाटली स्वतःची न्यावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. किल्ला मुहम्मद तुघलकाच्या वेळचा, चौदाव्या शतकातला असे सांगतात. आत खरबूजा महाल आहे. घुमटाच्या आकारावरून ते नाव पडले.

मराठी माणसाने या महालासमोर जरा थांबावे. नारायणरावांच्या खुनानंतर पेशवाईत जी यादवी झाली, तिच्यात रघुनाथराव गुजरातेकडे निघून गेले आणि गरोदर आनंदीबाई धारेत पवारांच्या आश्रयाला राहिल्या. जानेवारी १७७५ मध्ये इथेच दुसऱ्या बाजीरावांचा जन्म झाला. ज्याच्या हातून पुण्याची सत्ता गेली, तो माळव्यात जन्मला. जून १८१८ मध्ये तो माल्कमच्या स्वाधीन झाला तो असीरगडाजवळ, आणि मरण पावला गंगेकाठी बिठूरला. शनिवारवाडा पाहून पेशवाईची गोष्ट अर्धीच कळते. तिचा एक धागा या खोल्यांत आहे.

पवार इथे आले कसे? मनावरकडून धारला येताना वाट थोडी वळवली तर अमझेरा लागते. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी तिथे चिमाजी अप्पांच्या फौजेने मोगलांचा सुभेदार गिरिधर बहादूर याचा पराभव केला. सुभेदार लढाईतच पडला. उदाजी पवार या मोहिमेत होते. माळव्याचा दरवाजा मराठ्यांना उघडला तो तिथे. पुढे उदाजींचे बंधू आनंदराव धारेत स्थिरावले. त्यांचे चिरंजीव यशवंतराव १७६१ मध्ये पानिपतावर पडले. आपण पानिपताची नावे मोजताना शिंदे, भाऊसाहेब, विश्वासराव म्हणतो. धारचे यशवंतराव त्यात राहून जातात.

पुढचा काळ पडता होता. दुसरे आनंदराव गेल्यावर मैनाबाईंनी दत्तक घेऊन राज्य सांभाळले आणि १८१९ मध्ये इंग्रजांशी तह झाला. शिंदे-होळकरांच्या आणि पेंढाऱ्यांच्या धामधुमीत हे छोटे संस्थान टिकले यात त्या बाईंचा वाटा मोठा आहे. १८५७ मध्ये बंडवाल्यांनी किल्ला घेतला. ऑक्टोबरमध्ये इंग्रजांनी वेढा घालून तोफांनी तट फोडला. आत शिरले तेव्हा किल्ला रिकामा होता, आतली माणसे रात्रीच निसटली होती. संस्थान जप्त झाले आणि १८६० मध्ये परत मिळाले ते बैरसिया परगणा वगळून. पवारांच्या छत्र्या आणि गावातला जुना राजवाडा पाहताना हा सगळा चढउतार मनात असावा, म्हणजे ती निव्वळ जुनी बांधकामे वाटत नाहीत.

गावात आणखी एक जागा मराठी वाचकाने चुकवू नये. ती म्हणजे फडके स्टुडिओ. शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके मूळचे वसईचे. मुंबईत गिरगाव चौपाटीवरचा लोकमान्य टिळकांचा पुतळा त्यांचाच. ते धारेत येऊन राहिले आणि इथलेच झाले. १९६१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चौपाटीवर टिळकांपुढे उभा राहणारा मुंबईकर धारचे नाव घेत नाही आणि धारच्या रस्त्यावरून जाणारा आपला मुलगा फडक्यांचे नाव घेत नाही. हे नाव मुलांना सांगणे आपल्या हातात आहे.

मांडूची वाट आणि आशाधर

दुसरा दिवस असेल तर मांडू. धारपासून साधारण ३५ किलोमीटर. होशंगशाहाची संगमरवरी कबर, जहाज महाल, रूपमतीचा मंडप, हे सगळे तुम्ही पाहिलेले आहे. मी फक्त वाटेवरच्या नालछा गावी गाडीचा वेग कमी करायला सांगेन. ‘नलकच्छपूर’ हे त्याचे जुने नाव. तेराव्या शतकात पंडित आशाधर तिथे राहत होते. मूळचे मेवाडातल्या मांडलगढचे. घोरीच्या फौजा त्या मुलखात आल्या तेव्हा कुटुंब घेऊन निघाले आणि धारेला आले. इथे व्याकरण शिकले, मग नालछ्याला जाऊन राहिले आणि ‘सागारधर्मामृत’ आणि ‘अनगारधर्मामृत’ हे ग्रंथ लिहिले. पहिल्यात गृहस्थाने कसे वागावे हे आहे, दुसऱ्यात मुनीने. ते स्वतः गृहस्थच होते. ज्याचे नाटक भोजशाळेच्या शिळेवर आहे, त्या मदन कवीला त्यांनी काव्य शिकवले असे ते लिहितात. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वर आपण टीका लिहिल्याचेही ते नोंदवतात. ती आज उपलब्ध नाही, आणि वैद्यकीतला माणूस म्हणून तिची हळहळ मला वाटते.

देवासचे दोन पाट

धारच्या पवारांचे भाऊबंद देवासला गेले. तुकोजी आणि जिवाजी या दोन भावांत एकच गाव वाटले गेले, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन राजवाडे, दोन दरबार, दोन कारभार आणि मध्ये एक बाजार. इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर १९१२-१३ मध्ये आणि पुन्हा १९२१ मध्ये थोरल्या पातीकडे येऊन राहिले आणि त्या दिवसांवर त्यांनी १९५३ मध्ये पुस्तक काढले, त्याचे नाव देवासच्या टेकडीवरूनच आहे. त्या टेकडीवर मोठी माता आणि छोटी माता, तुळजाभवानी आणि चामुंडा. राज्य वाटले तरी टेकडी आणि देवी सगळ्यांची राहिली.

त्याच टेकडीच्या पायथ्याशी कुमार गंधर्वांचे घर आहे. १९४८ मध्ये क्षयाच्या आजारात, कोरडी हवा मानवेल म्हणून ते देवासला आले. काही वर्षे गाणे बंद होते. अंथरुणावर पडून बाहेरून जाणाऱ्या बायांची माळवी गाणी ते ऐकत राहिले. बरे झाल्यावर जे गायले त्यात ते ऐकणे मिसळले होते. बेळगावकडचा माणूस, माळव्याची हवा, कबीराची निर्गुणी भजने आणि घरात मराठी. रोग्याने खाटेवरून केलेली एवढी चांगली ‘केस टेकिंग’ मला दुसरी माहीत नाही.

हे सगळे आपल्यासाठी का

निसरपूरच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. २०१९ च्या पावसाळ्यात सरदार सरोवर पहिल्यांदा पूर्ण भरले आणि पाणी उरी आणि बाघनीच्या पात्रांतून मागे चढत जुन्या गावात आले. बाजार, ओसऱ्या, देवळे, माझ्या दवाखान्याचा जुना ओटा, सगळे गेले. आपण नव्या वसाहतीत आहोत, सरळ रस्ते आणि आखीव प्लॉट आहेत. पण नव्या गावात जन्मलेल्या मुलाला जुने गाव दाखवता येत नाही. बोटाने दाखवावे तर पाणीच दिसते.

म्हणून धारला जाण्याचा माझा आग्रह वाढला आहे. आपल्या घरांचा जो भाग बुडाला, त्याचे मूळ जिथे अजून उभे आहे ती जागा धार आहे. सनद तिथून आली, नेमणूक तिथून झाली, मुलीचे सासर तिथले होते, कुलदेवतेचा नवस तिथे फेडला होता. आणि तिथले दगड असेही सांगतात की गावे हलतात, राजधान्या हलतात, तरी लिहून ठेवलेले पुष्कळदा मागे राहते. मान्यखेट लुटले गेले ते वर्ष आपल्याला धनपालाच्या कोशामुळे कळते. आशाधर गाव सोडून आले, त्यांचे मांडलगढचे घर कोणी पाहिले नाही, पण त्यांची पुस्तके आजही स्वाध्यायात वाचली जातात. मदनाच्या नाटकाचे दोन अंक गेले आणि दोन राहिले. जे राहिले ते कोणीतरी कोरले म्हणून.

आता काय करावे ते सांगतो. येत्या हिवाळ्यात एक दिवस काढा. सकाळी कुक्षीहून निघा, जाताना मनावर-अमझेऱ्याकडून जा आणि येताना टांडा-बागकडून या. धारेत आधी तळे, मग लाट मशीद, मग भोजशाळा, जेवणानंतर फडके स्टुडिओ आणि छत्र्या, उन्हे उतरताना किल्ला. एका दिवसात याहून जास्त करू नये. घरातला एक म्हातारा माणूस आणि एक शाळकरी मूल बरोबर हवेच. म्हाताऱ्याला बोलू द्यावे आणि मुलाच्या हाती वही द्यावी.

जाण्याआधी ट्रंक उघडा. मोडीतले कागद, जुन्या लग्नपत्रिका, नेमणुकीची पत्रे, धारच्या किंवा देवासच्या दरबाराचा शिक्का असलेली काहीही चिठ्ठी असेल तर तिचा स्वच्छ फोटो काढा. मोडी वाचणारी एखादी तरी व्यक्ती इंदूरला किंवा धारला अजून मिळते. दहा वर्षांनी मिळेल की नाही याची खात्री देता येत नाही. आल्यावर जुन्या निसरपूरचा नकाशा हाताने काढा. कोणाचे घर कुठे, विहीर कुठे, पिंपळ कुठे, दवाखाना कुठे. नावे मराठीत लिहा आणि खाली तारीख घाला. त्या कागदाची एक प्रत आपल्या मंडळाकडे द्या. पुढच्या वर्षीच्या मालेत ते नकाशे एकत्र छापावेत, अशी विनंती मी कार्यकारिणीला या लेखातूनच करतो आहे.